रॅम्पवाली गाडी

आर्विड टॉलफसनला कुणी मागून येऊन धडकलं तरी सॉरी तोच म्हणायचा. ही थट्टा नाही, ऑक्टोबरात खरंच तसं झालं. फाट्यावरच्या स्टॉपच्या पाटीपाशी तो मुकाट थांबला होता, आणि फोनमध्ये डोकं खुपसलेला एक बियाणं विकणारा गडी त्याच्या व्हॅनच्या मागच्या दारात घुसला. आर्विड खाली उतरला, मी जरा जास्तच वेळ थांबलो वाटतं म्हणाला, आणि थर्मासमधली कॉफी त्या गड्याला ओतून दिली. मिनेसोटाच्या आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही.

चूक त्या गड्याची, म्हणजे भरपाई त्याच्या विमा कंपनीची. व्हॅन दुरुस्त होईपर्यंत भाड्याची गाडीही त्यांनीच द्यायची. पण आर्विडची व्हॅन साधी नव्हती. मागचं दार उघडलं की रॅम्प खाली यायचा आणि त्यावरून आर्डिसची बॅटरीवरची चाकांची खुर्ची थेट आत जायची. आर्डिस त्याची बायको. गेल्या हिवाळ्यात तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून ती गावातल्या नर्सिंग होममध्ये राहत होती. दर रविवारी चर्च सुटलं की आर्विड तिला घरी आणायचा. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तळ्याकडे बघायची. तो हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं बटाटा-खिम्याचं भाजलेलं जेवण, गरम करायचा, आणि मीठ कुठे ठेवलंस रे, असं ती त्याला बोलायची. त्या बोलण्यावर त्याचा आठवडा निघायचा. बर्फ पडायला लागला की नर्सिंग होमवाले कुणाला बाहेर नेऊ देत नाहीत, मग थेट वसंतातच. आणि यंदा बर्फ कधीही पडेल असं वाटत होतं.

विमा कंपनीकडून योलांडा प्रुइट नावाच्या बाईंचा फोन आला, तोही पार खाली टेक्सासहून. बाई मोठ्या गोड बोलायच्या. तुम्हाला मोठी गाडी लागेल का, असं त्यांनी आपणहून विचारलं. आर्विड म्हणाला, छे छे, माझ्यासाठी कशाला उगाच खटपट, असेल ते चालेल. आणि कान टवकारून बसला.

आमच्याकडे कॉफीसुद्धा पहिल्या खेपेला कुणी घेत नाही. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नकोच म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप द्या म्हणायचं आणि मग किटली संपेपर्यंत बसायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. आर्विड दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होता. योलांडाबाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारात लाल रंगाची, दोन दारांची गाडी येऊन उभी राहिली. तिच्यात आर्विडचेच गुडघे मावेनात.

त्या रविवारी तो एकटाच आर्डिसला भेटायला गेला. वाटेत स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून कुणी रामराम केला नाही, कारण इथे माणूस ओळखतात तो त्याच्या गाडीवरून. आर्डिस कोट घालून, केस विंचरून तयार बसली होती. त्याने सगळं सांगितलं. "असू दे. मी इथे मजेत आहे," ती म्हणाली. दोघं टीव्हीच्या खोलीत इतरांच्या गर्दीत बसले, आणि तिने कोट शेवटपर्यंत काढला नाही. घरी आल्यावर आर्विडला घर खायला उठलं. ती रागावायला हवी होती, मीठ मागायला हवी होती, निदान खिडकीशी नुसती बसायला तरी हवी होती.

शेजारचा लाइल बाक्के कुंपणापाशी भेटला, तेव्हा आर्विडने त्या बाईंची तक्रार केली.

"एकदाच विचारते रे ती. ही काय विचारायची रीत झाली?"

"तिकडचे लोक नको म्हणजे नकोच समजतात," लाइल म्हणाला. "रॅम्प लागतो म्हणून तू सांगितलंस का?"

"तिनं पुढे विचारलंच नाही."

"मग बस वाट बघत. आर्डिसला आण वसंतात."

हे मात्र आर्विडच्या वर्मी लागलं. त्याने शेगडीसमोर उभं राहून वाक्यं घोकली आणि टेक्सासला फोन लावला. कसे आहात, असं बाईंनी विचारलं. सवयीने मजेत म्हणून झाल्यावर तो एका दमात बोलला.

"बाई, चालेल म्हणालो ते खोटं होतं. मला चालत नाही. माझी बायको खुर्चीवर असते. मला ती रविवारी घरी हवी आहे."

आयुष्यात त्याने असं काही मागितलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

"अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना," योलांडाबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीसारखी गाडी मिळणं हा तुमचा हक्कच आहे. तुम्ही नको म्हणालात, मी खरं मानलं."

बाईंनी शब्द पाळला. शनिवारी शहरातून रॅम्पवाली व्हॅन आली. बर्फ अजून पडला नव्हता.

आर्विडला खरं तर हरखून जायला हवं होतं. पण आर्डिसला आणायला निघाला तेव्हा बाईंचं ते शेवटचं वाक्य काही त्याच्या डोक्यातून जाईना. नको म्हणालात, खरं मानलं. झटक्यानंतर हॉस्पिटलमध्ये त्यानेही आर्डिसला विचारलं होतं, घरी येतेस का. नको, नर्सिंग होमच बरं, तुला कशाला त्रास, असं ती म्हणाली होती. आणि जन्मभर पहिल्या नकाराला कधी न जुमानणाऱ्या आर्विडने तो नकार तेवढा खरा मानला होता. तिला उचलायचं कसं, रात्री काही झालं तर काय करायचं, या विचाराने तेव्हा तो घाबरून गेला होता. तिचं नको त्याच्या सोयीचं पडलं होतं.

जेवण झालं. मिठावरून व्हायचं ते बोलणं झालं. आर्विडने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"आर्डिस, घरी राहायला येतेस?"

"नको. कशाला तुझ्या जिवाला घोर."

"येतेस का?"

"तुला धड स्वतःचं अंथरूण घालता येत नाही."

तो गुडघे सांभाळत तिच्या खुर्चीपुढे खाली बसला. "येतेस का, आर्डिस?"

तिने डाव्या हाताने कप बाजूला सारला.

"हॉस्पिटलात मी वाट बघत होते," ती म्हणाली. "पुन्हा विचारशील असं वाटलं होतं. नाही विचारलंस. मग वाटलं, तुलाच मी नको असेन."

आर्विडने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिने डावा हात त्याच्या केसांवर ठेवला.

संध्याकाळी तिला परत पोचवावंच लागलं. पलंग बघायचा होता, मदतीला बाई शोधायची होती, डॉक्टरांशी बोलायचं होतं. एका दिवसात होणारं काम नव्हतं ते. दर रविवारी नर्सिंग होमच्या दारातून आर्डिसच त्याला घाईने पिटाळायची, जा आता, अंधार पडेल. या वेळी तिने त्याची बाही धरून ठेवली.

"लवकर कर," ती म्हणाली.