बडगीतला विषाणू

आमच्या गल्लीची भरिताची बडगी कुलपात असते. किल्ली अक्कांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कमरेला असते आणि ती मला मिळत नाही.

बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी पात्र. नशिराबादच्या अलीकडे आमची शेती. हिवाळा लागला की गल्लीत कुणाकडेही भरीत असो, बडगी आमच्याच घरून जायची. तिला आमच्याकडे देवाच्या खालोखाल मान. हे मला माहीत होतं. मी धुळ्याची असले तरी अगदीच अडाणी नव्हते.

लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीजवळचा हरभऱ्याचा तुकडा माझ्या हवाली केला होता. "हा तुकडा तुह्या हातचा. पिकव, नाहीतर पोळ्या लाट," एवढंच म्हणाले. मला पोळ्या लाटायचा मनापासून कंटाळा! त्यामुळे मी त्या हरभऱ्याला जिवापाड जपलं. आणि नेमकी घाटे धरायच्या वेळेला त्यावर अळी आली. अशी निर्लज्ज अळी, की डोकं घाट्यात खुपसायचं आणि बाकीचं अंग खुशाल बाहेर.

शेतीच्या प्रशिक्षणात एका ताईंनी आम्हा बायकांना यावरचा उपाय शिकवला होता. अळ्यांना रोग होतो, विषाणूचा. रोगानं मेलेल्या अळ्या गोळा करायच्या, वाटायच्या, पाण्यात गाळायच्या, उन्हानं विषाणू मरू नये म्हणून त्यात कपड्याची नीळ घालायची आणि संध्याकाळी फवारायचं. हा रोग त्याच अळीला होतो, माणसाला काही होत नाही. ताईंनी त्यांच्या शेतातल्या मेलेल्या अळ्या मला डब्यातून दिल्या. (माहेरची चकली आणावी तसा तो डबा मी मांडीवर धरून रिक्षातून घरी आणला.)

आता वाटणार कशात? अक्का माळकरी. मी मिक्सरकडे नुसतं पाहिलं, तर त्यांनी तो उचलून देवघरात नेऊन ठेवला. मग दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी ओट्याखालची बडगी ओढली. अळ्या छान ठेचल्या गेल्या. नीळ कालवायला दुसरं भांडं घ्यावं, एवढी अक्कल मात्र सुचली नाही. नंतर राखेनं घासली, उन्हात वाळवली, होती तशी ठेवली. लाकूड पांढरंफटक दिसत होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

फवारलं आणि दोन दिवसांत अळ्या आधीपेक्षा जोरात खायला लागल्या. ताईंनी सांगितलंच होतं की हा रोग चढायला वेळ घेतो, पण ते गल्लीला कोण सांगणार? शेजारचे नाना रोज बांधावर येऊन बघून जायचे. सूनबाईनं अळ्यांना टॉनिक पाजलं, असं त्यांनी पार भुसावळपर्यंत पोचवलं. अक्का म्हणाल्या, दुकानातलं जहाल औषध मारा आणि मोकळे व्हा. आबांनी बाटली आणून ठेवली, पण बूच उघडलं नाही. "रविवारलोक पाहू," म्हणाले, म्हणजे रविवारपर्यंत.

रविवारी शेतात भरीत होतं आणि जेवायला खास धुळ्याहून माझे आई-बाबा येणार होते. म्हणजे हरभरा गेला असता तर माझ्या बापाच्या देखत गेला असता.

रविवारी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर, वांगी भाजली गेली. सोललेली, वाफाळती वांगी बडगीत पडली आणि नाना मुसळीनं ठेचायला बसले. मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळत होते. थोड्या वेळानं नाना ठेचायचे थांबले. हिरव्या वांग्याचं भरीत कडेकडेनं निळं होत चाललं होतं. वांगंच नव्या जातीचं असेल, असं ठरवून त्यांनी दोन घास चाखूनही पाहिले. मी झारा हातात धरून तशीच उभी.

तेवढ्यात हरभऱ्यातून आबा जवळजवळ पळतच आले. हातात एक डहाळी. तिच्या शेंड्याला काळी पडलेली अळी उलटी लटकलेली. सगळ्या तुकड्यात अशाच लटकल्यात, म्हणाले. आणि मग माझ्या आई-बाबांसमोर त्यांनी माझं असं काही कौतुक चालवलं, की काय सांगू! सूनबाईनं अळ्या कशा आणल्या, कशा ठेचल्या, त्यात नीळ कशी घातली, सगळं साग्रसंगीत. आयुष्यात कुणी माझी इतकी स्तुती केली नव्हती, आणि आबांनी आता थांबावं म्हणून मी मनातल्या मनात देवाच्या पाया पडत होते.

आबा थांबले. मग अक्कांनी शांतपणे विचारलं, "मिक्सर त मी देला नव्हता. मंग वाटल्या कशात वं?"

सगळ्या माना बडगीकडे वळल्या. नाना उठून विहिरीकडे गेले. माझे बाबा उपरणं तोंडावर धरून खाली बघायला लागले. मी कशीबशी म्हणाले, "हाई इषारी नही शे. माणूसले काही नही व्हस." घाबरले की माझ्या तोंडून धुळ्याची बोलीच निघते.

कुणी हात पुढे करेना. मग आबा बडगीपाशी मांडी घालून बसले, पुरीचा तुकडा मोडला आणि निळं भरीत उचलून तोंडात टाकलं. "याहिनं आपला हरभरा खाल्ला, आपण याहिले खाल्लं. फिटम्फाट झाली," म्हणाले, आणि दुसरा घास घेतला. सुनेची लाज राखायला कोणता सासरा असं करतो? आबा जाऊन आता तीन हिवाळे झाले. हरभरा फुलला की मला त्यांचा तो दुसरा घास आठवतो आणि डोळे भरून येतात.

त्यांचं बघून माझ्या बाबांनी खाल्लं. आईनं खाल्लं. माळेला हात लावून, डोळे मिटून, अक्कांनीसुद्धा बोटभर चाटलं. मग आबांनी एक भरगच्च घास माझ्यापुढे धरला. "घे पोरी, तुह्या हातचं औषध हाये."

"आबा," मी म्हणाले, "मना आज उपास शे."

तेव्हा माझ्या हातात अर्धी खाल्लेली पुरी होती.