तोटीतलं चामडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या देवापुढं रोज हात जोडतो त्यालाही — उघड शब्दांत नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय, की ऐकून घेणारं ओळखीचं कुणी उरलं नाही म्हणून? कोण जाणे.

सांगलीत मी नळाची कामं करायचो. जर्मन-जपानची लढाई संपली तेव्हा मला या धंद्यात दहा वर्षं झाली होती. पेठेत कुणाची तोटी गळली की निरोप माझ्याकडंच यायचा. दुसरं होतंच कोण? दुकानावर साधी पाटीसुद्धा नव्हती. कशाला हवी?

मग दत्तू आला. कराडकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, पलटणीतून सुटलेला. छावण्यांना नळ टाकायचं काम तो तिकडं शिकला होता. गावात आल्या आल्या आधी मला भेटला, पाया पडला. म्हणाला, "आण्णा, तुमी थोरले. सांगली मोठी हाय, दोघांचं भागंल."

त्याच भेटीत त्यानं विचारलं, वायसर कुठनं आणता? वायसर म्हणजे तोटी बंद केली की आतलं पाणी अडवते ती छोटी गोल चकती. लढाईत रबर मिळेनासं झालं, तेव्हापासून मिरजेचा एक चपला शिवणारा म्हातारा मला चामड्याच्या चकत्या कापून द्यायचा. मी दत्तूला त्याचा पत्ता सांगितला. आपल्या तोटीत चामडं आहे हे गिऱ्हाइकांना मी कधी बोललो नव्हतो — कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटलं, चार महिने धडपडेल आणि जाईल. पण त्यानं काय करावं? बाजाराच्या दिवशी चौकात उंच लाकडी घडवंची उभी केली, वर पाण्यानं भरलेलं पिंप, पिंपाला नळ आणि नळाला झळझळीत पितळी तोटी. शेजारी हलगीवाला. आणि लाल अक्षरांत पाटी — 'दत्तू नळवाला. गळलं तर पुन्हा फुकट.' उन्हातनं आलेली खेड्यातली माणसं तोटी फिरवायची, पाणी प्यायची, गंमत म्हणून परत फिरवायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी समोरच्या दुकानाच्या खांबाआड उभा राहून बघत होतो.

खरं सांगू? पोटाची भीती नव्हती. कामं मला पुरून उरत होती. जळलो ते वेगळ्याच गोष्टीवर — लोक त्याच्याकडं बघून हसत होते. दहा वर्षं या गावाच्या घराघरांत मी पाणी आणलं, माझ्याकडं बघून कधी कुणी हसलं होतं का? मीही पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्याला बजावलं, त्याच्यापेक्षा हातभर मोठी कर. कुणी मान वर करून बघितलं नाही.

आणि मग हळदीचे व्यापारी आदाप्पा — माझं जुनं गिऱ्हाईक — त्यांनी नवी तोटी दत्तूकडून बसवून घेतली. हे जैनांचं घर. त्यांची आई, सगळे तिला आक्का म्हणत, पाणी फडक्यातनं गाळल्याशिवाय जिभेला लावत नसे. बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या देवळातनं, दर्शन घेऊन परतताना मी तिला वाटेत गाठलं. म्हणालो, "आक्का, पाणी गाळून पिताय ते बरं. पण येतंय कशातनं, बघितलं का?"

एवढंच. याला खोटं म्हणायचं का? कितीतरी वर्षं मी या एका प्रश्नामागं लपलो. पण थांबा — खोटं पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी आदाप्पांनी दोघांनाही बोलावलं. अंगणात शेजारपाजारही जमलेला. दत्तूला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यानं पान्ह्यानं तोटी खोलली आणि चकती तळहातावर ठेवून पुढं केली. "व्हय, चामडंच हाय. रबर गावत न्हाई, मालक. सगळीकडं ह्येच आसतंय."

आदाप्पा माझ्याकडं वळले. "तुमच्या तोटीत काय असतंय?"

मी म्हणालो, "रबर."

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मिरजेच्या म्हाताऱ्याचं नुसतं नाव काढलं असतं तरी मी तिथंच उघडा पडलो असतो. पण तो म्हणाला, "आण्णा म्हणत्यात तर आसंल." आणि पान्हा पिशवीत टाकला.

का राखली त्यानं माझी अब्रू? पाया पडला होता म्हणून? मला आजही कळलेलं नाही. एवढं मात्र आठवतं — मला त्या घटकेला लाज वाटली नाही, राग आला. तिथंही तोच मोठा ठरला म्हणून.

पुढच्या बाजारी हलगी वाजत राहिली, पिंपापाशी कुणी फिरकलं नाही. एका बाईनं तोटीकडं निघालेल्या लेकराला दंडाला धरून मागं ओढलं. दत्तूनं आणखी एक बाजार बघितला. मग चौकातली जागा रिकामी झाली. फलटणकडं कुठल्याशा साखर कारखान्यात नळजोडणीला लागला, असं कानावर आलं. फलटण काही जगाच्या टोकाला नव्हतं. मी गेलो नाही.

आदाप्पांच्या घरची तोटी मीच बसवली. रबर माझ्याकडं नव्हतंच. पिशवीत होती तीच, त्याच म्हाताऱ्यानं कापलेली चामड्याची चकती आत घातली आणि आवळली. आक्का उंबऱ्यात उभी होती. पुढं डोळे मिटेपर्यंत ती तेच पाणी प्यायली.

त्या दिवशी तिनं पहिला तांब्या फडक्यातनं गाळून घेतला. "तू हाईस म्हणून आमचा धर्म राहिला, बाबा," म्हणाली, आणि स्वतः प्यायच्या आधी तांब्या माझ्यापुढं धरला. मी ओंजळ केली. पाणी गार होतं. पोटभर प्यालो.