शिसपेनची फुली

"आधी सोताचंच नाव लिही. जात पुरी लिही. आता मोठ्यानं वाच."

वृद्धाश्रमाच्या हापिसात माझा पहिला दिवस होता. साहेब, म्हणजे आश्रम चालवणारा, खुर्चीत रेलून बसलेला. त्याचे दोन-तीन दोस्त चहा पीत होते. मी उभी. कामगारांच्या रजिस्टरात लिहिलं अन् वाचलं. नाव, गाव, वय, शिक्षण बारावी, जात धनगर. साहेब दोस्तांकडं बघून म्हणाला, "मेंढरं मोजायची सोडून माणसं मोजायला आली बघा."

सगळे हसले. मीबी हसले. ते आठवलं की आजबी सोताच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

मला नोकरी पायजे होती, पण त्याच्यापेक्षा आबाला खाट पायजे होती. आबा म्हणजे माझा बाप. भाऊ मेंढरं इकून पुण्याकडं गेला तो गेलाच. आबा पालमला एकटा. माझा नवरा वारलेला, सेलूत सासरच्यांनी मला ठेवलं हेच लय झालं, माझ्या बापाला कोण ठेवील? साहेब म्हणाला, "तू लिहायचं काम कर, तुझा बाप इथं राहील. पण तू नीट राहशील तोवरच." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं नीट राहिले.

काम म्हणजे नव्या माणसाची माहिती लिहायची. नाव, गाव, वय, जात, लेकरं किती, त्यातली इचारपूस करणारी किती. वय धड कुणालाच सांगता येत न्हाई. "रझाकाराच्या वक्ताला मी मायच्या कडेवर व्हते," असं कुणी म्हणालं की मी अंदाजानं आकडा टाकायची. जातीला अंदाज चालत नसे. ती खोदून इचारायची, अन् काही नावांच्या बाजूला शिसपेननं बारीक फुली मारायची. फुलीवाला माणूस पुढच्या हॉलात न्हाई, मागं पत्र्याच्या खोलीत. त्याचं ताट येगळं, पाण्याचा माठ येगळा. कुणाला फुली मारायची ते साहेबानं कधी सांगितलं न्हाई. "तुला कळतंय की," एवढंच म्हणायचा. अन् मला बरोबर कळायचं. आमच्या गावातच शिकले होते मी ते.

पेन का न्हाई, शिसपेनच का? वर्षातून एकदा तपासणी येते. आदल्या दिवशी साहेब माझ्यापुढं खोडरबर टाकायचा. मी फुल्या पुसायची. पत्र्याखालच्या खाटा हॉलात यायच्या, सगळे एका पंगतीला बसायचे, फोटो निघायचे. तपासणीवाले गेले की खाटा परत मागं, अन् माझ्या हातात परत शिसपेन.

गयाबाईला मीच फुली मारली. पाथरीकडची म्हातारी, दमा झालेला, संगं कुणी न्हाई. जात सांगून झाल्यावर ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मी तिच्यादेखत मारली. उन्हाळ्यात पत्रा तापला की तिचा खोकला हॉलापर्यंत ऐकू यायचा.

आबाला डोळ्यानं कमी दिसतं. पण जलम मेंढरामागं गेलेला. त्यानं मेंढरं कधी मोजली न्हाईत. "मोजायचं काय त्यात, वळखायची असतेत," म्हणायचा. सांजच्याला जाळी लावून मेंढरं आत घेताना तोंडाशी उभा राहून एकेकीला वळखायचा. एक जरी मागं राहिली तर भाकरीला हात लावायचा न्हाई. ह्या एप्रिलात एक दिवस पंगतीतून त्यानं मला हाक मारली.

"बाई, ती खोकनारी कुठं बसती जेवायला?"

"मागं, आबा."

"मागं का?"

"इथं जागा न्हाई."

त्यानं शेजारची सतरंजी हातानं चाचपली. दोन माणसं आरामात बसतील एवढी रिकामी होती. ताट उचललं, भिंत धरत धरत मागं गेला अन् गयाबाईपाशी बसून जेवला. दुसऱ्या दिवशीबी तेच. तिसऱ्या दिवशी हॉलातल्या एका म्हाताऱ्याच्या पोरानं साहेबाकडं तक्रार केली, हा माणूस तिकडं जेवून येतो अन् आमच्या बापाशेजारी झोपतो म्हणून.

साहेबानं मला बोलावलं. रजिस्टर उघडून आबाच्या नावावर बोट ठेवलं अन् शिसपेन पुढं केली. "मार फुली. लय हौस हाय ना मागं जायची, राहू दे तिकडंच."

माझा हात थांबला. अन् साहेबाच्या आधी माझा मलाच संताप आला. बापाच्या नावाला थांबला, मग गयाबाईच्या नावाला का न्हाई थांबला?

शिसपेन खाली ठेवली. टेबलावरचं निळं पेन घेतलं. आबाच्या नावापुढं फुली मारली. पेननं. मग पानं मागं उलटली. गयाबाईची फुली गिरवली. तिच्या आधीची गिरवली. त्याच्या आधीची. पुसलेल्या फुलीचा वळ कागदावर राहतोच, तेबी गिरवले. साहेबाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"काय करायलीस?"

"माहिती पक्की करायले, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यानं कोरं रजिस्टर माझ्यापुढं आपटलं. "आठ दिवसांवर तपासणी हाय. सगळं ह्याच्यात उतरव, फुलीबिगर. न्हाईतर बापाला घेऊन चालती हो."

ते कोरं रजिस्टर आज माझ्यासमोर हाय. आबाची खाट पत्र्याखाली गेली. सासरच्यांनी साफ सांगितलं, बापाला इकडं आणू नको. कुठंबी तोंड केलं तरी वाट न्हाई.

आबाला सगळं सांगितलं. फुल्यांचंबी सांगितलं. तो म्हणाला, "मेंढराला आपन गेरू लावतो ते आपलं म्हणून वळखू यावं म्हणून, माय. तुजी फुली कशापायी व्हती?"

नव्या रजिस्टरात मी एक अक्षर लिहिणार न्हाई. उतरवायसाठी म्हणून साहेबानं जुनं माझ्याच हवाली केलंय. पानापानाचा फोटो मोबाईलात घेतला. तपासणीवाले आले की जुनंच त्यांच्यापुढं ठेवीन. मग आमाला काढतील. काढू द्या. आबाचं गाठोडं मी बांधून ठेवलंय.

ते इचारतील, ह्या फुल्या कुणाच्या हातच्या? मारायला कुणी लावल्या ते सांगीन, पण मागून. आधी माझं नाव सांगीन, गाव सांगीन, जात सांगीन. मोठ्यानं. अन् कुणी हसलं, तर मी हसणार न्हाई.