स्टिअरिंगवरचा नारळ

आशालता नवी नवरी होती तेव्हाचं भांडण. अंगणात सासरे कोंडिबा, समोर शेजारचा भिकू. बाजाराहून येताना कोंडिबा बैलगाडीत हमखास झोपायचे, कारण बैलांना घरची वाट पाठ. त्या दिवशी मात्र बैल ओढ्याच्या वळणावर वळलेच नाहीत. सरळ भिकूच्या भातात शिरले आणि पोटभर जेवले.

"भात बैलांनी खाल्ला, मी न्हाई," कोंडिबा म्हणाले. "मी तर झोपलो व्हतो."

"मंग कासरा कुणाच्या हातात व्हता?"

"कुणाच्याच न्हाई."

"त्येच म्हंतोय मी."

दाराआड आशालता तोंडात पदर कोंबून हसली होती. कोंडिबांनी चूक काही कबूल केली नाही. दोष शेवटपर्यंत बैलांच्याच गळ्यात राहिला.

त्यांचा मुलगा कैलास, म्हणजे आशालताचा नवरा, गाडीवर झोपणारा नव्हे. आधी दुधाचा टेम्पो, मग हिंजवडीला कंपनीची कॅब. सगळा जन्म चाकावर गेला, पण कुणाच्या गाडीला ओरखडा नाही. म्हणून गावची लेक सासरी निघाली की गाडी कैलासचीच. पाठवणीला पुढच्या चाकाखाली ठेवायचा नारळही तोच आणायचा. हा मान त्याला सरपंचपदापेक्षा मोठा.

यंदा त्याने नवी गाडी घेतली. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून ती आपली आपण सरळ चालते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते. कैलासला पुन्हा मिसरूड फुटल्यागत झालं. फक्त हात सोडले की गाडी टुणटुण वाजायची.

"तुज्यावानीच हाय," तो आशालताला म्हणायचा. "सारखं आपलं हात ठेवा, हात ठेवा."

"मंग ठेवा की. शोरूमच्या पोरानं काय सांगितलं व्हतं? गाडी मदतीला हाय, डायवर तुमीच."

गावातल्या सृष्टीच्या लग्नाला हिंजवडीकडच्या कार्यालयात निघाले तेव्हा पुढे आशालता, मागे नवरी आणि तिची आई रूपाली. टुणटुण सुरू झाली तशी कैलासने पाठवणीचा नारळ उपरण्यात बांधला आणि स्टिअरिंगला लटकवला. गाडीला वाटलं, हात आहे. ती गप्प झाली.

"काका, नारळ गाडी चालवतोय," सृष्टी खिदळली.

"लायसन काढलंय त्याचं," कैलास मागे वळून म्हणाला. हात मोकळेच होते, मग त्याने टाळ्या वाजवत मंगलाष्टकं सुरू केली. रूपाली हसली, सृष्टीच्या मुंडावळ्या नाचल्या, आणि "पुढं बघा, पुढं बघा" म्हणता म्हणता आशालतानेही डोळे पुसले.

नव्या रस्त्यावर पट्टे मारायचं काम ओढ्याच्या वळणापर्यंतच झालं होतं. पट्टा संपला, रस्ता डावीकडे गेला, गाडी सरळ. शेवटी ब्रेक तिनेच मारला, पण पेंढ्याच्या गंजीत नाक खुपसून. कुणाला खरचटलंही नाही. सृष्टीच्या शालूवर पेंढा उडाला होता आणि नारळ अजून झोके घेत होता.

गंजीआडून काठी टेकत म्हातारा भिकू आला. गंजी त्याचीच.

"गाडी गेली, तात्या," कैलास म्हणाला. "मी तर..."

"झोपला व्हतास?"

आशालताला हसू आवरेना. रूपालीचं मात्र संपलं होतं.

"कैलासदादा, सांजच्याला सृष्टी सासरी दुसऱ्या गाडीतनं जाईल."

कैलासचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं.

"मामंजींनी बैलांवर ढकललं," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडं तर बैल बी न्हाईत."

तो खाली उतरला. "चूक माजी हाय, तात्या. गाडी काय बी करू दे, स्टिअरिंग माज्या हातात पायजे व्हतं. पोरीला काय झालं असतं तर मी कुटं तोंड दाखवलं असतं? गंजी उद्या मीच रचून देतो."

"तुजा बाप ह्ये कदी म्हनला न्हाई," भिकू म्हणाला. "जा आता, मुहूर्त जाईल."

कैलासने नारळ सोडून आशालताच्या मांडीवर दिला. कार्यालय येईपर्यंत दोन्ही हात असे आवळून धरले, जणू स्टिअरिंग पळून जाणार होतं.

संध्याकाळी तो कार्यालयाच्या दाराशी उभा होता. रूपाली डोळे पुसत आली. तिच्या अंबाड्यात एक पेंढ्याची काडी अजून तशीच होती.

"दादा, गाडी आना," ती म्हणाली. "पर नारळ वैनीकडं राहू द्या."

आशालताने नारळ दिला तो चाकाखाली ठेवण्यापुरता. फटकन फुटला. मग कैलासने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सृष्टीला लवळ्याला सासरच्या दारात पोचवलं, आणि नेहमीसारखी तिची बॅग उंबऱ्याशी ठेवून तो माघारी फिरला.