उजव्या पंखाचं पीस

सरस पातळ करायला ठेवला, की त्याच्या वासासरशी बोर्लीतला तो दसरा आठवतो. बाणाला पिसं सारख्या अंतरावर चिकटवायला मी घरीच लाकडी साचा केला होता. बाणाने नारळ पाडून माझ्या नव्या नवरीवर छाप पाडायची होती. साचा बिनचूक, पिसं मात्र मी कोंबड्याच्या दोन्ही पंखांची मिसळली. बाण गिरक्या घेत शेजारच्या मांडवावरच्या भोपळ्यात घुसला. "दादा, पिसं एकाच पंखाची लागतात," बघायला थांबलेला एक म्हातारा कातकरी म्हणाला. "अहो, नारळ हिकडं हाय," पडवीतून ती पदराआड हसली. ती होती तोवर डाव्या पंखाची पिसं तीच निवडून द्यायची. आता मी निवडतो, बाण सरळ जातात. तरी अधूनमधून एक पीस मुद्दाम उजवं लावतो, आणि बाण भरकटला की पडवीकडे कान देतो.