ड्रेसरभाऊंचे सुटे टाके

ड्रेसरभाऊ, तुमच्यावर लिहितेय. आधी विचारलं असतं तर "बाई, दुसरं काम नाही का?" म्हणाला असतात. नाही. जिने उतरवत नाहीत, दुसरं काम नाही. तुम्ही ही इमारत सोडून बहिणीकडे राहायला गेलात, पत्ता तिनेच कळवला. जिथे माझा संबंध येईल तिथे नुसतं 'बाई' लिहिते. गोष्ट तुमची आहे.

बावीस वर्षं ड्रेसरने अपघात विभागात माणसं शिवली. फुटलेली कपाळं, चाकूने उघडे पडलेले दंड, बाटलीने फाटलेले ओठ. डॉक्टर नवा असला की हाक ड्रेसरलाच. आईबहिणीवरून शिव्या घालणारा दारुडा का असेना, आधी भूल आणि मग सुई ही त्याची शिस्त होती.

मग बाजारातल्या गाळ्यावरून दोन टोळक्यांत जुंपली. एकाचा गाल जबड्यापर्यंत चिरला होता. ड्रेसर तो शिवत असतानाच दुसरं टोळकं आत घुसलं. औषधांचं कपाट फुटलं, काचा सिस्टरच्या मानेत घुसल्या. सगळे ज्याला रेडा म्हणत त्या हमालाने लोखंडी स्टूल उचललं आणि टेबलावरच्या जखमीवर हाणलं. मध्ये ड्रेसरचा उजवा हात आला. मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ते पाहून ड्रेसरच्या मनात पहिला विचार आला तो, इथे किती टाके पडतील, हा.

प्लास्टर निघालं, पण अंगठा आणि बोट जुळेनात. मोठ्या डॉक्टरांनी तीन महिने दिले. तेवढ्यात सुई धरता आली तर टेबल, नाहीतर केसपेपरची खिडकी. खिडकी म्हणजे त्याच्या लेखी जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसणं.

बहिणीने त्याला ओढतच वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे नेलं. बाई निवृत्त, तोंडाने फटकळ, भरतकामात बऱ्या. त्यांनी जाड सुती कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलं, पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि बजावलं की फुलंबिलं पुढच्या महिन्यात, आधी ही रेघ. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे, आणि हातभरच घ्यायचे. जास्त घेतले तर गुंत्यात दिवस जाईल.

दुसऱ्या दिवशी तो रेघ शिवून घेऊन आला. चाळीसेक टाके, आणि प्रत्येकाला वेगळी गाठ मारून दोरा कापलेला.

"दर टाक्याला गाठ कशाला?"

"एक तुटला तर बाकीचे धरून ठेवतात."

"अहो, रुमालात पू होत नाही. दोरा पुढे न्या."

तेच त्याला जमेना. हात आपोआप गाठीकडे वळे. त्याने दोन सुया मोडल्या, कापड दातांनी फाडलं, एकदा रिंग अशी भिरकावली की बहिणीच्या भुवईतून रक्त आलं. ती जखम दाबून धरत म्हणाली की तू शिवायला बसलायस की कापडाचा जीव घ्यायला. त्या दिवशी तिच्या भुवईला पट्टीही त्यानेच लावली, डाव्या हाताने.

नवव्या आठवड्यात साखळी टाका न तुटता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बाई "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून कौतुक म्हणून एवढंच मिळतं. मग तो न सांगता वेली भरू लागला. चहा गार होई तरी मान वर नाही. औषध म्हणून धरलेली सुई त्याला आवडायला लागली होती, आणि हे कबूल करायची त्याला लाज वाटे.

तीन महिने भरले; परीक्षेच्या दिवशी दुपारी टेबलावर आला तो नेमका रेडा. जामिनावर सुटलेला, आणि त्याच्याच टोळक्याने डोक्यात सळई घातलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, हाच घ्या, बघू तुमचा हात; आणि ते शेजारी छातीत भोसकलेल्याकडे धावले. भुलीची सिरिंज भरून ठेवली होती. ड्रेसरने ती ट्रेच्या कडेला सरकवली आणि सुई उचलली.

तिसऱ्या टाक्याला रेड्याने डोळ्यांतलं रक्त पुसलं आणि ओळखलं.

"दादा, भूल द्या की."

ड्रेसरने गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि अकरा टाके घातले. रेडा ओरडत होता, पण तिथे सगळेच ओरडतात. कुणी वळून पाहिलं नाही. टाके एकसारखे, गाठी पक्क्या. हात एकदाही थरथरला नाही. डॉक्टरांनी येऊन पाठ थोपटली. टेबल त्याचं झालं.

संध्याकाळी त्याने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, हे ऐकवायला इतके जिने चढलात? त्याने रिंगमधली अर्धी भरलेली वेल अंगठ्याने चाचपली.

"हात थरथरला असता तर बरं झालं असतं, बाई."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः लिहून खिडकी मागितली. डॉक्टरांना तो वेडा वाटला.

टाके आठव्या दिवशी काढायचे असतात. रेडा आला नाही. दहाव्या दिवशीही नाही; कसा येईल? ड्रेसरने कात्री आणि चिमटा उकळला, रुमालात गुंडाळला आणि वर आला. रेडा बाजारामागच्या खोलीत राहतो हे त्याने शोधून काढलं होतं. "एकट्याने गेलो तर तो मला मारेल, नाहीतर मी त्याला. तुम्ही चला." बाई म्हणाल्या, रविवारी जाऊ.

त्या रविवारी माझा गुडघा धरला. पुढच्या रविवारी तुमची खिडकीवर ड्यूटी. त्यानंतर तुम्ही विषय काढला नाहीत आणि मीही नाही. कात्री-चिमटा रुमालासकट माझ्या खणात आहे.