मारेनच्या घरात एलिझचं नाव

सेज क्रीकमधल्या कुणालाही विचारा, आर्डिथ टटल ही गावातली सगळ्यात रागीट बाई आहे हे तो बिनतक्रार मान्य करील. फक्त आधी मागे वळून ती जवळपास नाही ना, एवढं पाहून घेईल. उंची चार फूट दहा इंच, वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली. गावातला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस तिच्या हातचे मऊ पाव खाऊन मोठा झालाय, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायला कुणाची जीभ वळत नाही, हा भाग वेगळा.

तिचा राग उगाचचा नसतो. तो एकाच गोष्टीवर येतो: केलं एकीनं आणि नाव दुसरीचं. सोळा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात आर्डिथचे पाव छापले, आणि खाली नाव बिशपच्या बायकोचं! का, तर कागद तिनं छापायला नेऊन दिला होता. आर्डिथ जाब विचारायला गेली तेव्हा ती गोड हसून म्हणाली, "इतकं काय त्यात, सिस्टर टटल? पाव तर सगळ्यांचेच असतात." (आमच्यात प्रत्येक बाई 'सिस्टर'च.) झालं. बिशपपद आमच्यात पाळीपाळीनं फिरतं, ते केव्हाच दुसऱ्याच्या गळ्यात पडलं, पण आजही कुणाच्या मयताच्या जेवणाला त्या बाईनं पाव आणले की आर्डिथ एक तुकडा मोडते, हुंगते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "यीस्ट मेलेलं दिसतंय." मयताच्या घरी!

तर अशी ही आर्डिथ. माहेरची ऑस्टरगार्ड. गेल्या जुलैत तिचा मुलगा गार्थ सगळ्या खटल्याला घेऊन फोर्ट विलोला निघाला. फोर्ट विलो म्हणजे आमच्या पूर्वजांच्या गावाचं उघड्यावरचं संग्रहालय. हातगाड्या ओढत डोंगर ओलांडून आलेल्या मंडळींची घरं आसपासच्या खोऱ्यांतून ओंडका ओंडका नंबर घालून उचलायची आणि तिथे पुन्हा उभी करायची. आर्डिथच्या चुलतभावाच्या कुरणात पडून असलेलं ऑस्टरगार्डांचं लाकडी घर आदल्या वर्षी असंच तिथे नेलं होतं. उभं केल्यावर ते तिनं पाहिलं नव्हतं.

पोरं हरवू नयेत म्हणून सगळ्यांच्या अंगात नारिंगी टी-शर्ट, छातीवर आजीचं माहेरचं आडनाव. सून शॉना हिनं वेळापत्रक प्लॅस्टिकमध्ये मढवून आणलेलं. त्यात 'दहा चाळीस ते दहा पंचावन्न: आजीचं घर' असं लिहिलं होतं.

"पंधरा मिनिटं?" आर्डिथ म्हणाली. "आणि टॅफीच्या गोळ्यांच्या दुकानाला किती दिलीस गं?"

"चाळीस, आई. तिथे रांग असते."

आर्डिथनं फक्त पर्सची चेन ओढली. त्या आवाजावरून गार्थला कळलं की दिवस जड जाणार.

अडीच तासांच्या वाटेत तिनं नऊ वर्षांच्या नातीला, ब्रिन्लीला, शेजारी बसवून मारेनची गोष्ट सांगितली. मारेन ही आर्डिथची पणजी, रास्मुस ऑस्टरगार्डची दुसरी बायको. दुसरी म्हणजे पहिली वारल्यावर केलेली नव्हे. पहिली, एलिझ, चांगली ठणठणीत होती; पावणेसहा फुटी, गावात विटांच्या घरात. त्या काळी आमच्यात असं चालायचं. आता चालत नाही, आणि विषय निघाला की आमची माणसं झटकन हवापाण्यावर येतात.

"मग सरकारी शिपाई आले," आर्डिथ म्हणाली. "दोन बायका असलेल्याला धरून न्यायचे. मारेनला कोर्टात उभी केली. तीन पोरं, चौथं पोटात. विचारलं, या मुलांचा बाप कोण?"

"मग?"

"म्हणाली, ठाऊक नाही."

"पण तिला ठाऊक होतं ना, आजी?"

"ठाऊक नसायला काय झालं! नवऱ्याला वाचवायला म्हणाली. भर कोर्टात लोक फिदीफिदी हसले. तरी त्याला सहा महिने कोंडलंच. आणि ते सहा महिने ही बाई दरीतल्या जमिनीवर एकटी. भावाला हाताशी घेऊन ओंडके तासले, घर उभं केलं, भट्टी बांधली. मैदा तिच्या नशिबी नव्हता. राय नावाचं काळं धान्य दळायचं आणि त्याचा दगडासारखा पाव करायचा. वाटसरू त्या पावासाठी वाट वाकडी करून यायचे."

"तिचं नाव लिहिलंय तिथे?"

"मोठ्या अक्षरात. तुला दाखवते की."

हे वचन तिनं छातीठोकपणे दिलं. म्हातारी माणसं नातवंडांना वचनं देतात तीच मुळी जगावर विसंबून, आणि जग असं.

घर उत्तम उभं राहिलं होतं. ओंडके तेच, दाराची कडी तीच. ब्रिन्ली पळत पुढे गेली, दारावरची पाटी वाचली आणि परत येऊन हळूच म्हणाली, "आजी, मारेन कुठेय?"

पाटीवर लिहिलं होतं: 'रास्मुस ऑस्टरगार्ड व त्यांची पत्नी एलिझ यांचे घर.'

आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक आत शिरली.

आत वीसेक माणसं होती, सगळी आमच्याच चर्चची, कुठल्या ना कुठल्या खोऱ्यातली. टोपडं आणि झालरीचा एप्रन घातलेली एक बाई माहिती सांगत होती. सिस्टर पिकेट. आयडाहोतली निवृत्त टपालबाई. नवऱ्यासह वर्षभर फुकट सेवेला आलेली. नवरा समोरच्या लोहारशाळेत नाल ठोकायचं सोंग करत होता.

"...आणि याच टेबलावर," सिस्टर पिकेट गोड आवाजात म्हणाली, "आपली प्रिय एलिझ रोज पहाटे पीठ मळत असे."

"गुडघे टेकून?" आर्डिथ म्हणाली.

"काय म्हणालात, सिस्टर?"

"गुडघे टेकून मळायची का, विचारतेय." आर्डिथ लोकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिली. तळवे फळीवर ठेवले. बरोब्बर बसले. "या टेबलाचे पाय कापलेत, बघा. माझ्या मापाचं आहे. एलिझ पावणेसहा फूट होती. तिचा फोटो आहे माझ्याकडे. रास्मुस शेजारी बसलाय तो तिचा मुलगा वाटतो."

लोक हसले. सिस्टर पिकेट हसली नाही. "सिस्टर, कृपा करून दोरीच्या बाहेर या."

"हे घर मारेननं बांधलं. माझ्या पणजीनं. एलिझ हयातीत या घरात जेवायलासुद्धा आली नाही."

सिस्टर पिकेट गडबडली. बाई वाईट नव्हती. तिनं एप्रनच्या खिशातून माहिती लिहिलेला एक पुठ्ठा काढला आणि पाहिला, जणू तो तिच्या मदतीला धावणार होता. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा, मला माहितीय. फाईलमध्ये दोघी आहेत. पण इथल्या समितीनं ठरवलंय, एका घरात एकच बायको सांगायची. लेकुरवाळी मंडळी येतात, प्रश्न विचारतात. गोंधळ होतो हो."

"गोंधळ!" आर्डिथचा आवाज मात्र अजिबात खाली आला नाही. "कोर्टात हसू होत होतं तेव्हा नाही झाला तो गोंधळ? पोरांना काळा पाव भरवताना नाही झाला?"

गार्थनं तिचं कोपर धरलं. "आई, जाऊ दे ना."

"जाऊ दे, जाऊ दे करतच सव्वाशे वर्षं गेली, गार्थ!"

"समितीला पत्र लिहू आपण. मी लिहितो. घरी गेल्यावर."

"तू माझ्या वाढदिवसाचं कार्डसुद्धा शॉनाकडून लिहून घेतोस."

शॉनानं वेळापत्रकात डोकं खुपसलं. मागून ब्रिन्ली म्हणाली, तक्रारीच्या नव्हे, समजूत काढल्याच्या सुरात, "असू दे, आजी. मला माहितीय ना तिचं नाव."

हे मात्र आर्डिथला सोसवलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं आपली समजूत काढावी! ती टेबलामागे ताठ उभी राहिली, हात जोडून पोटाशी धरले आणि म्हणाली:

"माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, मला आज माझी साक्ष द्यायची आहे."

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, आणि त्या सभेत कुणीही उठून साक्ष देऊ शकतं. साक्ष सुरू झाली की मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्या मेल्विन शेतकऱ्यानं एकदा गाईच्या पोटफुगीवर बावीस मिनिटं साक्ष दिली. बिशप घड्याळाकडे बघत राहिले, पण हूं की चूं केलं नाही. हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. तो रविवार नव्हता, ती सभा नव्हती, तरी पोरांनी आपसूक हाताच्या घड्या घातल्या. एका अनोळखी दाढीवाल्यानं टोपी काढली. सिस्टर पिकेटनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तिनंही घडी घातली. करते काय बिचारी!

"मी साक्ष देते," आर्डिथ म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलेला नव्हता, "की हे घर मारेन ऑस्टरगार्डनं बांधलं. ती रास्मुसची दुसरी बायको होती. तिला कोर्टात शपथेवर स्वतःला खोटं पाडावं लागलं, कारण नवऱ्याला वाचवायचं होतं. मुलांचा बाप ठाऊक नाही, असं ती म्हणाली. तिनं एकदा आमच्यासाठी स्वतःचं नाव पुसलं, म्हणून आज आपण इथे उभे आहोत. तिला पुसायचा हक्क होता. आपल्याला नाही. तिची लाज वाटून घ्यायचा तर मुळीच नाही. हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं. ते या घरात जन्मले. हे खरं आहे हे मी जाणते, आणि ही साक्ष येशू ख्रिस्ताच्या नावानं देते. आमेन."

"आमेन," सगळी खोली म्हणाली. आणि त्यात टोपड्याखालून आलेला सिस्टर पिकेटचा 'आमेन' सगळ्यात स्पष्ट होता. चाळीस वर्षांची सवय. जिभेनं डोक्याला विचारलंच नाही. म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली. आमच्यात 'आमेन' म्हणजे नुसतं संपलं असं नव्हे. मला मान्य आहे, असं.

आर्डिथ टेबलावरून वाकली. "आता तुम्हीही म्हणालात, सिस्टर. देवासमोर."

सिस्टर पिकेट पुठ्ठ्याकडे बघत राहिली. बाहेर पुढची तुकडी ताटकळत होती, मंडळी निघाली.

शॉना म्हणाली, "अकरा दहा झाले. टॅफीची रांग—"

"तुम्ही जा टॅफी खायला," आर्डिथ म्हणाली आणि घराच्या बाजूच्या खिडकीखाली बाकावर बसली. ब्रिन्ली तिच्या शेजारी. गार्थ जावं की थांबावं हे न कळून उन्हात उभा, छातीवर ऑस्टरगार्ड.

आत सिस्टर पिकेटनं खाकरून सुरुवात केली. "हे घर... हे घर रास्मुस ऑस्टरगार्ड यांच्या..." मग पुठ्ठा खिशात सरकल्याचा आवाज आला. "पाटीवर आहे ते बरोबर नाही. हे घर त्यांच्या दुसऱ्या पत्नीनं बांधलं. तिचं नाव मारेन. समितीवाले रागावले तर मला रागावतील."

ब्रिन्लीनं आजीचा हात गच्च दाबला. गार्थनं वर आकाशाकडे पाहून सुस्कारा सोडला. आर्डिथ डोळे मिटून बसली होती, आणि अर्धं मिनिट, घड्याळ लावून अर्धं मिनिट, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

आतून सिस्टर पिकेटचा आवाज आता सुरात आला. "आणि याच बुटक्या टेबलावर आपली प्रिय मारेन रोज पहाटे शुभ्र मैद्याचे लुसलुशीत पाव—"

"मैदा!" आर्डिथ ताडकन उठली. "मैदा कुठून आणणार होती ती? राय, बाई, राय!" आणि ती पुन्हा दाराकडे निघाली. गार्थनं मागून तिचा नारिंगी टी-शर्ट धरला, पण तो चांगला ताणला जाणारा होता.